वाचकांचे प्रश्न : पैदाशीच्या उंदरांसाठी पौष्टिक खाद्य कसे निवडावे?

पांढऱ्या उंदरांच्या खाद्याविषयी कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. उत्तरे प्रयोगशाळेतील आणि पाळीव उंदरांपुरती आहेत. धान्याच्या कोठारातील उंदरांच्या बंदोबस्ताविषयी ज्यांनी लिहिले आहे, त्यांना हे सदर वाचून आनंद होणार नाही.

प्रश्न : आमच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणिगृहात विस्टार जातीच्या उंदरांची लहानशी पैदास आहे. पुरवठादाराकडे दोन प्रकारचे गोळी खाद्य मिळते. एकात १४ टक्के प्रथिने आहेत, दुसऱ्यात २० टक्के. दुसरे अर्थातच महाग आहे. सध्या आम्ही पहिले वापरतो. मोठे नर आणि माद्या दिसायला उत्तम आहेत, पण पिल्ले तीन आठवड्यांची होईपर्यंत लहानखुरी राहतात आणि काही वेतांत बरीच दगावतात. खाद्य बदलावे का, आणि निवडताना पिशवीवर नेमके काय पाहावे? — प्राणिगृहाचे काम पाहणारे वाचक, कोल्हापूर

उत्तर : पैदाशीच्या पिंजऱ्यांपुरते खाद्य बदलावे, आणि लवकर बदलावे. मोठी जनावरे उत्तम दिसतात असे आपण लिहिले आहे. फसगत होते ती तेथेच. पूर्ण वाढलेल्या उंदराला नुसते अंग राखण्यासाठी फार थोडी प्रथिने पुरतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या पोषणगरजांच्या तक्त्यात, प्रथिने उत्तम प्रतीची आणि सहज पचणारी आहेत असे धरून, प्रौढ उंदराच्या निर्वाहासाठी ५ टक्के, तर वाढीसाठी आणि प्रजननासाठी १५ टक्के प्रथिने सांगितली आहेत. धान्य आणि पेंड यांपासून केलेल्या खाद्यातील प्रथिने तितकी पचत नाहीत आणि त्यांतील अमिनो आम्लांचा (प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांचा) मेळही तितका चांगला नसतो, म्हणून पैदाशीचे खाद्य व्यवहारात १८ ते २४ टक्के प्रथिनांचे ठेवतात. १४ टक्क्यांच्या पिशवीवर नर तुकतुकीत राहतो, मादी गाभणही राहते. उणीव उघडी पडते ती मादी व्याल्यानंतर.

असे का होते हे साध्या हिशोबाने कळेल. जन्मताना पिल्लू ५ ते ६ ग्रॅमचे असते आणि नीट वाढले तर एकविसाव्या दिवशी ४० ते ५० ग्रॅमचे होते. वेतात दहा पिल्ले असतील तर जेमतेम ६० ग्रॅमचा तो गोळा तीन आठवड्यांत ४०० ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे बहुधा आईच्या स्वतःच्या वजनापेक्षाही अधिक होतो, आणि यांतील पहिले दोन आठवडे तो सर्वस्वी आईच्या दुधावर असतो. उंदराच्या दुधात प्रथिने सुमारे ८ टक्के आणि स्निग्धांश १० टक्क्यांहून अधिक असतो. ज्या म्हशीच्या दाट दुधाचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे त्यातही प्रथिने साधारण ४ टक्के आणि स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपासच असतो. हे दूध तयार करण्यासाठी एरवी दिवसाला १५ ते २० ग्रॅम खाणारी मादी दुप्पट-तिप्पट खाऊ लागते, पण कमी प्रथिनांचे खाद्य कितीही खाल्ले तरी पोटाच्या मापाला मर्यादा आहे. म्हणून खाद्य निवडताना पिंजऱ्यातील दूध पाजणारी मादी डोळ्यांपुढे ठेवावी. तिला जे पुरते ते बाकीच्यांना पुरतेच.

पुरते म्हणजे मानवते असे मात्र नाही, आणि महाग पिशवी सर्वांसाठी घेण्याची गरज त्यामुळेच उरत नाही. पैदाशीत नसलेले, वय झालेले नर उच्च प्रथिनांच्या खाद्यावर सदासर्वकाळ राहिले तर ते सुटतात आणि त्यांच्यातील मूत्रपिंडांचा विकार लवकर बळावतो. त्यांना आपले १४ टक्क्यांचे खाद्यच ठेवावे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशनने १९९३ मध्ये प्रयोगशाळेतील उंदरांसाठी जी दोन प्रमाण सूत्रे दिली त्यांतही हाच भेद केलेला आहे : वाढ, गर्भारपण आणि दूध यांच्या सूत्रात किलोमागे २०० ग्रॅम केसीन (दुधातील प्रथिन) व ७० ग्रॅम सोयाबीन तेल, तर निर्वाहाच्या सूत्रात १४० ग्रॅम केसीन व ४० ग्रॅम तेल.

आता पिशवीविषयी. प्रथिनांच्या आकड्याकडे सगळेच पाहतात. त्याच्या खालचे आकडे फारसे कोणी वाचत नाही. स्निग्धांश निदान ५ टक्के असावा. कॅल्शियम ०.५ टक्क्याहून कमी नसावे, आणि दूध पाजणाऱ्या मादीसाठी ते ०.६ टक्क्यापर्यंत असणे चांगले. फॉस्फरसही पाहावा, कारण कॅल्शियमच्या मानाने तो जास्त झाला तर मूत्रपिंडांत कॅल्शियमचा साका धरतो आणि हा त्रास नरांपेक्षा माद्यांना अधिक होतो. वर उल्लेखिलेल्या १९९३ च्या सूत्रांच्या आधी जे सूत्र प्रचारात होते, ते बदलण्यामागे हे एक मोठे कारण होते. त्यानंतर घटकांची यादी वाचावी. २० टक्के प्रथिने कशातून आली आहेत हे आकड्यावरून कळत नाही. सोयाबीन पेंडीबरोबर दुधाची भुकटी किंवा मासळीची भुकटी असेल तर लायसीन आणि मेथिओनीन या अमिनो आम्लांची बाजू भक्कम असते. पिशवीवर घटकांची नावेच नसतील आणि नुसते ‘उच्च पौष्टिक’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, तर ती पिशवी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत शेवटी, पण कोल्हापूरच्या हवेत कदाचित सर्वांत आधी, दळण्याची तारीख पाहावी. खाद्य जुने झाले की त्यातील स्निग्धांश खवट होतो आणि त्याबरोबर जीवनसत्त्व ई नष्ट होते. या जीवनसत्त्वाचा शोधच मुळी उंदरांच्या अशा एका कोड्यातून लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांच्याकडील उंदीर शुद्ध केलेल्या घटकांच्या आहारावर चांगले वाढत होते, माद्या गाभणही राहत होत्या, पण गर्भ पोटातच विरून जात. आहारात लेट्यूसची पाने आणि पुढे गव्हाच्या बीजांकुराचा अंश घातल्यावर त्याच माद्यांना पिल्ले झाली. हे १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे एखादी मादी गाभण दिसते, वजन वाढते आणि मग काहीच न होता वजन उतरते, असे वारंवार घडत असेल, तर दोष नराला देण्यापूर्वी पिशवीची तारीख तपासावी. प्राणिगृहात खाद्य वाफेच्या दाबाने निर्जंतुक करीत असाल तर थायमिन (जीवनसत्त्व ब१) आणि जीवनसत्त्व अ यांची घट होते. त्यासाठी ही जीवनसत्त्वे वाढवून बनवलेले खाद्य वेगळे मिळते, तेच मागवावे.

खाद्य एका रात्रीत बदलू नये. उंदीर नव्या पदार्थाला बिचकतो, आधी चिमूटभर चाखून थांबतो, आणि याच दिवसांत मादी दूध पाजत असेल तर तिचे एक-दोन दिवसांचे अर्धपोटी राहणेही पिल्लांना भोवते. आठ-दहा दिवसांत जुन्यात नवे वाढवत न्यावे आणि हा बदल शक्यतो जोड्या लावण्यापूर्वी पूर्ण करावा. परिणाम पाहण्यासाठी मोठ्यांच्या अंगावरील तकाकीऐवजी एकविसाव्या दिवशीचे पिल्लांचे वजन लिहून ठेवावे. दोन-तीन वेतांची वजने एकमेकांशेजारी ठेवली की खाद्याचा निकाल कळतो. आपल्या विभागात हार्मोनविषयक प्रयोग चालत असतील तर आणखी एक पथ्य आहे : सोयाबीन आणि लसूणघास यांत इस्ट्रोजेनसारखे काम करणारे वनस्पतिज पदार्थ असतात, त्यामुळे अशा प्रयोगांसाठी ते कमी असलेले खाद्य घ्यावे आणि खाद्य बदलल्याची नोंद प्रयोगाच्या वहीत व संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे असावी.

पिल्ले दगावण्याचे सगळे खापर खाद्यावर फोडणे मात्र योग्य होणार नाही. मादी व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यातच राहिला तर तिच्या अंगावर एक वेत आणि पोटात दुसरे असा दुहेरी भार पडतो. तो भार २० टक्क्यांचे खाद्यही प्रत्येक मादीला पेलवू देत नाही. व्यायच्या आधी नर वेगळा करून पाहावे.

प्रश्न : मी घरी हौसेने रंगीत उंदीर पाळतो आणि ओळखीच्या लोकांना पिल्ले देतो. लक्ष्मीपुरीतून मका, गहू, सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे आणून मिसळतो. उंदीर आवडीने खातात. यात काय वाढवावे म्हणजे ते पैदाशीला पुरेसे होईल? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ते आवडीने काय खातात हे नीट पाहावे. संध्याकाळी वाटी भरा आणि सकाळी उरलेले दाणे निवडा : शेंगदाणे आणि सूर्यफूल संपलेले असेल, मका कुरतडून टाकलेला असेल. आपण मिसळलेला आहार आणि उंदराने खाल्लेला आहार हे दोन वेगळे आहार आहेत. पिंजऱ्यातील दांडगा उंदीर तेलबिया उचलतो, गाभण मादीच्या वाट्याला टरफले आणि मका येतो. म्हणून सुट्या दाण्यांचे मिश्रण, त्यात काहीही वाढवले तरी, पैदाशीसाठी मला पसंत नाही. सर्व घटक दळून एकजीव करून त्याची कडक वडी किंवा गोळी झाली की निवडानिवड थांबते, आणि सतत वाढणारे पुढचे दात झिजण्याचीही सोय होते.

मक्याविषयी दोन शब्द. मक्याच्या प्रथिनांत लायसीन आणि ट्रिप्टोफॅन फार कमी असतात. थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी १९१४ मध्ये हे उंदरांवरच दाखवून दिले : मक्यातील झेइन हे एकच प्रथिन दिलेले उंदीर रोडावले, ट्रिप्टोफॅन घातल्यावर तगले आणि लायसीनही दिल्यावर वाढू लागले. गहू आणि ज्वारी यांतही लायसीन कमीच असते, पण डाळी व सोयाबीन ती उणीव भरून काढतात, आणि सोयाबीनमध्ये मेथिओनीनची जी उणीव असते ती धान्ये काही प्रमाणात भरतात. आपली भाकरी-आमटीही याच तत्त्वावर उभी आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात कुन्नूर येथे भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांच्या गटांना देऊन पाहिले, तेव्हा शिखांच्या गव्हाची पोळी, दूध, डाळ व भाज्या असलेल्या आहारावरचे उंदीर सर्वांत सरस ठरले, त्यांच्यामागे पठाणी आणि मग मराठी आहारावरचे होते, आणि पॉलिश केलेल्या तांदळावरचे सर्वांत मागे राहिले. मराठी वाचकाने यावर थोडे समाधान मानायला हरकत नाही, पण पहिल्या आहारात दूध किती होते तेही लक्षात घ्यावे.

घरीच करायचे असेल तर एक किलोचे प्रमाण असे धरता येईल : गहू ४०० ग्रॅम, ज्वारी १५० ग्रॅम, सोयाबीन १५० ग्रॅम, नाचणी १०० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची भुकटी १०० ग्रॅम, फुटाण्याची डाळ ७० ग्रॅम आणि जवस ३० ग्रॅम. यात प्रथिने सुमारे १८ टक्के आणि स्निग्धांश ५ टक्क्यांच्या थोडा वर येतो. सोयाबीन कच्चे घालू नये. त्यात ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला रोखणारा पदार्थ असतो आणि प्रथिनांचे पचन अडते. ऑस्बोर्न व मेंडेल यांनाच १९१७ मध्ये आढळले की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात. जवसही भाजूनच घ्यावे.

एवढे करूनही कॅल्शियमचा हिशोब जमत नाही, आणि घरगुती मिश्रणे बहुतेक येथेच कमी पडतात. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असते म्हणून तिचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे; परंतु वरील मिश्रणात नाचणी, सोयाबीन आणि दुधाची भुकटी धरूनही कॅल्शियम ०.२३ टक्क्याच्या आसपासच येते, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून कमी, आणि फॉस्फरस त्याहून जास्त येतो. अंड्यांची कवचे उकळून, वाळवून, पिठासारखी बारीक करून त्यांची १० ग्रॅम भुकटी किलोमागे घातली तर कॅल्शियम ०.६ टक्क्यावर जाते आणि फॉस्फरसशी असलेले प्रमाणही सुधारते. त्याबरोबर आयोडीनयुक्त मीठ किलोला एक-दोन ग्रॅम पुरे.

सगळे दळून, थोड्या पाण्यात घट्ट मळून, बोटाएवढ्या कांड्या करून मंद आचेवर आतपर्यंत वाळवाव्यात. बिस्किटासारख्या तांबूस भाजू नयेत. दुधातील साखर आणि लायसीन यांचा तांबूस होताना संयोग होतो आणि जे लायसीन मिळावे म्हणून भुकटी घातली तेच निकामी होते.

यातही जीवनसत्त्वे अ, ड आणि ब१२ कमीच राहतात. घरात, उन्हापासून दूर वाढणाऱ्या उंदराला ड जीवनसत्त्व खाद्यातूनच मिळावे लागते. प्रयोगशाळेतील उंदरांसाठी बनवलेले जीवनसत्त्व-खनिज मिश्रण मिळाले तर त्यावरील प्रमाणाने घालावे. ते मिळत नसेल तर माझा सल्ला असा की निदान अर्धे खाद्य तयार गोळीचे ठेवावे आणि उरलेले घरचे. हौस राहते आणि उणीवही राहत नाही. शेंगदाणे आणि सूर्यफूल बंद करायला नकोत; हाताने एखादा दाणा द्यावा, उंदीर त्याने हातावर येतात.

प्रश्न : आमच्या गोठ्यात गोळी पेंड आणि सरकी पेंड असतेच, शेजारी कुक्कुटपालन आहे. उंदरांना त्यांतलेच खाद्य दिले तर चालेल का? सुग्रास पशुखाद्याच्या पिशवीवरही २० टक्के प्रथिने लिहिलेली आहेत. — एक दूध उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : चालणार नाही, आणि कारण त्या २० टक्क्यांतच आहे. जनावरांच्या खाद्यात ठराविक मर्यादेत युरिया घालण्यास मुभा असते. प्रथिनांचा आकडा नायट्रोजनवरून काढला जातो, त्यामुळे युरियाही त्यात मोजला जातो. गाई-म्हशींच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव युरियापासून प्रथिने घडवतात. उंदराला ते पोटच नाही, त्याला युरियाचा उपयोग शून्य. शिवाय अशा पेंडीत तंतू फार असतात.

सरकी पेंड तर पैदाशीच्या उंदरांजवळही नेऊ नये. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात ते बरेच निष्प्रभ होते, पण उंदरासारख्या प्राण्यात ते नराचे शुक्रजंतू घटवते. पैदाशीसाठी आणलेल्या नराला सरकी घालणे म्हणजे पेरणीपूर्वी बियाणे भाजून घेणे.

कोंबड्यांच्या खाद्याची अडचण वेगळी आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी ३.५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम घातलेले असते, उंदराच्या गरजेच्या पाच-सहा पट. मांसल कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम बेताचे असते, पण त्यात बहुधा रक्तीहगवणीवरची, कॉक्सिडियाला मारणारी औषधे मिसळलेली असतात आणि ती उंदरासाठी नाहीत. पिशवीवर औषध नाही असे लिहिलेले असेल तर अडीनडीला एक-दोन दिवस चालेल, एरवी नाही.

प्रश्न : पावसाळ्यात खाद्याला कुबट वास येतो. उन्हात वाळवून दिले तर चालते का? एकदम जास्त माल घेतला तर स्वस्त पडतो. — एक वाचक, गगनबावडा

उत्तर : चालत नाही. ऊन बुरशी मारते; बुरशीने सोडलेले विष तसेच राहते. अस्परजिलस जातीच्या बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन साध्या भाजण्यानेही पूर्ण जात नाही. हे विष उघडकीला आले ते १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले तेव्हा. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड बुरशी लागलेली निघाली. उंदराचे यकृत या विषाला फारच हळवे आहे, इतके की त्याच्या अभ्यासासाठी उंदीरच वापरले गेले. म्हणून आपल्या भागात सहज मिळते आणि प्रथिनेही भरपूर असतात तरी शेंगदाणा पेंड, निदान जून ते सप्टेंबर, उंदरांना घालू नये. कुबट वास आलेली पिशवी टाकून द्यावी. ती गोठ्यात किंवा खुराड्यातही वळवू नये, कारण गाईने खाल्लेले अफ्लाटॉक्सिन बदललेल्या रूपात दुधात उतरते.

साठवणीचे सर्वसाधारण गणित असे की धान्यापासून केलेले कोरडे खाद्य थंड व कोरड्या जागी दळल्यापासून सहा महिने टिकते. थंड म्हणजे २१ अंशांखाली आणि कोरडे म्हणजे हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांखाली. गगनबावड्याच्या जुलैत हे वाचून आपण हसाल. तेव्हा पावसाळ्यात एका महिन्यापुरताच माल घ्यावा. पिशवी भिंतीला टेकवून किंवा फरशीवर ठेवू नये, लाकडी फळीवर ठेवावी, आणि उघडलेले खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओतावे. रानटी उंदीर पाळीव उंदरांच्या खाद्यापर्यंत पोहोचू नयेत हाही त्या डब्याचा उद्देश आहे. त्यांच्या लघवीतून आणि लेंड्यांतून रोग येतात.

प्रश्न : गाभण मादीला वरचे खाणे म्हणून दूध, अंडे, तूप, कॉड लिव्हर तेल द्यावे का? आई म्हणते की बाळंतिणीसारखे सगळे द्यायला हवे. — एक वाचक, कागल

उत्तर : आईंचा कळवळा रास्त आहे, पण काळ थोडा पुढे ढकलावा. गर्भारपण २१ ते २३ दिवसांचे असते आणि त्यात मादीचा आहार थोडाच वाढतो; खरी भूक व्याल्यावर लागते. गाभण असताना लठ्ठ झालेली मादी व्यायला अडते. व्याल्यावर मात्र दोन-तीन दिवसांआड उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा द्यावा. तुपाची गरज नाही. पातळ दूध वाटीत आंबते, त्यापेक्षा भुकटी खाद्यात मळलेली बरी. मेथी, गाजर, काकडी असे काही थोडे चालेल. उंदराचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवते, त्यामुळे गिनीपिगला लागते तशी लिंबू-आवळ्याची तजवीज येथे लागत नाही. असे वरचे पदार्थ एकूण खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त झाले की मूळ खाद्याचा समतोल बिघडतो.

कॉड लिव्हर तेल गाभण मादीला अजिबात देऊ नये. त्यात जीवनसत्त्व अ दाट असते. त्याचा अतिरेक गाभण उंदरांत झाला तर पिल्लांच्या मेंदूत आणि कवटीत व्यंगे येतात, हे १९५३ पासून माहीत आहे. घरातील उरलेला रस्साही देऊ नये, तांबडाही नाही आणि पांढराही नाही. मीठ, तेल आणि कांदा-लसूण यांपैकी काहीच त्यांच्या कामाचे नाही.

प्रश्न : पिल्ले खाद्य कधी खाऊ लागतात, आणि पैदाशीचे खाद्य त्यांना किती दिवस चालू ठेवावे? खाद्य भरपूर असूनही दूध तोडल्यावर काही पिल्ले वाळतात. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात आणि सोळा-सतरा दिवसांची पिल्ले आईचे खाद्य कुरतडू लागतात. तेव्हापासून दोन-चार गोळ्या पाण्यात भिजवून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवाव्यात आणि काही तासांनी उरलेले काढून टाकावे, कारण भिजलेले खाद्य आपल्या हवेत लवकर आंबते. दूध एकविसाव्या दिवशी तोडता येते. वेत मोठे किंवा पिल्ले हलकी असतील तर आणखी चार-सहा दिवस आईपाशी राहू द्यावीत. नर आणि माद्या पाच आठवड्यांच्या आत वेगळ्या कराव्यात. पैदाशीचे खाद्य वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा आठवड्यांपर्यंत सर्वांना द्यावे, आणि पुढे ज्यांची जोडी लावायची नाही त्यांना निर्वाहाच्या खाद्यावर आणावे.

भरपूर खाद्य असूनही वाळणारी पिल्ले बहुधा तहानेने वाळतात. कोरडे खाद्य पाण्यावाचून गिळवत नाही, आणि मोठ्यांच्या उंचीला लावलेल्या बाटलीच्या नळीपर्यंत तीन आठवड्यांचे पिल्लू पोहोचत नाही. नळी पिंजऱ्याच्या तळापासून पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर, बिछान्याच्या भुशाला न टेकता लावावी. भुसा टेकला की बाटली रिकामी होते आणि पिंजरा ओला. रोज सकाळी नळीचे टोक बोटाने दाबून पाणी येते का ते पाहावे. खाद्याच्या जाळीचेही तसेच आहे : जाळी उंच असेल तर पहिले आठ-दहा दिवस थोडे खाद्य खाली वाटीत ठेवावे.